गोंयकाराचा मुक्काम

त्या वर्षी शिमग्याला मी घरी आले ती मांडीवर कुत्रा घेऊन. कुत्र्याला एसटीत घेत नाहीत, म्हणून आमच्या वाडीतल्या एकाचा टेम्पो नारळ उतरवून म्हापशाहून रिकामा परत येत होता, त्यात ड्रायव्हरशेजारी बसून आले. गोव्याच्या हद्दीवर, इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने आत डोकावून पाहिलं, कुत्र्याचे लांब कान बघून हसला आणि हाताने पुढे जा म्हणाला. त्या वेळी तो नाका म्हणजे गाडी जरा हळू करायची जागा, इतकंच मला ठाऊक होतं.

मी म्हापशाला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये काम करत होते. आंघोळ घालणं, केस कापणं, नखं, कान साफ करणं हे काम. वाडीत हे सांगितलं की लोक आधी हसत आणि मग पगार विचारत. कुत्रा ज्यांचा होता ते म्हापशाजवळच्या एका गावात राहणारे निवृत्त शिक्षक. ख्रिस्ती गृहस्थ, बायको वारलेली, मुलगा परदेशात. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायचे. कुत्रा कॉकर स्पॅनियल जातीचा, तांबूस रंगाचा. सरांच्या पत्नीने पिल्लू असताना आणलेला. दर दीड-दोन महिन्यांनी सर त्याला रिक्षातून पार्लरमध्ये आणत आणि माझं काम संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसत. दुसऱ्या कुणाच्या हातात त्याला देत नसत, कारण त्याला फिट्स यायच्या. मला ते माहीत होतं. त्याच्या अंगाला हात लावायची माझी भीती गेली होती.

शिमग्याच्या आधी सर न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. इस्पितळातूनच त्यांनी मला फोन केला आणि कुत्र्याला काही दिवस सांभाळशील का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी घरी चालले आहे, त्याला घेऊन गेले तर चालेल का? ते म्हणाले, समुद्र बघून येऊ दे त्यालाही. शेजारणीने गोळ्यांची बाटली, खाण्याची पिशवी आणि त्याची चादर आणून दिली. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, आणि एकही चुकवायची नाही, हे सरांनी मला दोनदा सांगितलं.

आमचं घर मालवणहून तारकर्लीकडे जाताना, खाडीच्या अंगाला. घरात आई एकटी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई जवळच्या एका होमस्टेतल्या पाहुण्यांचं जेवण करायची. तिला कुत्र्यांचं वावडं नव्हतं, पण तिच्या मते कुत्रा म्हणजे खळ्यात, म्हणजे अंगणात राहणारा, उरलेलं खाणारा आणि अनोळखी माणसावर भुंकणारा प्राणी. हा तर टेम्पोतून उतरला तो सरळ ओटीवर चढला आणि तिच्या पायाशी चादरीवर बसावं तसा तिच्या पदरावर बसला.

"ह्यो खंयचो?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"गोंयकार काय? बरा. पण घरात नाय हां. पडवेत रवांदे."

तेव्हापासून त्याचं नाव गोंयकार पडलं. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं आणि ते आईच्या तोंडात शेवटपर्यंत बसलं नाही.

पाडव्याच्या सुमारास टाळेबंदी लागली आणि सगळं बंद झालं. होमस्टेतले पाहुणे आदल्याच दिवशी घाईघाईने निघून गेले होते. पार्लरच्या मालकिणीला फोन केला तर ती म्हणाली, जनावरांचे डॉक्टर चालू राहणार आहेत, पण कुत्र्यांना आंघोळ घालणं काही अत्यावश्यक सेवेत येत नाही, तू तिथेच थांब. गोव्याची हद्द बंद झाली होती. माझी हत्यारं, म्हणजे मशीन, पाती, कात्र्या, सगळं म्हापशाला कुलपाच्या आत. माझ्याजवळ पर्समध्ये एक कंगवा होता.

सरांचं ऑपरेशन झालं होतं आणि इस्पितळाने त्यांना लवकर घरी पाठवलं होतं. शेजारीण जेवणाचा डबा दारात ठेवून जायची. दर संध्याकाळी त्यांचा फोन येई. आधी माझी चौकशी, मग आईची, मग "तो जेवलो?" मी स्पीकर लावून फोन कुत्र्याजवळ धरायची. सर काही वेळ त्याच्याशी बोलत. कोकणीत, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. आज चार पावलं चाललो, शेजारणीने भाजीत मीठ घातलं नाही, पाद्री फोनवरून प्रार्थना सांगतो. कुत्रा मान तिरकी करून ऐकायचा आणि आवाज थांबला की फोनच्या मागे जाऊन वास घेऊन यायचा. आई पहिले काही दिवस हे बघून आत निघून जायची. पुढे ती कांदे चिरत तिथेच बसायला लागली.

त्याचं विकतचं खाणं महिनाभरात संपलं. बाजारात तसलं काही मिळत नव्हतं. आईने मग भात आणि मोरी माशाची तुकडी उकडून घालायला सुरुवात केली. मोरीत काटे नसतात, म्हणून. मीठ नाही, मसाला नाही. खाताना त्याचे कान भातात बुडायचे आणि मग त्यावर माश्या बसायच्या. आईला ते पाहवेना. तिने माझ्या शाळेच्या वेळची रिबीन शोधून काढली आणि जेवायच्या आधी त्याचे दोन्ही कान डोक्यावर घेऊन बांधायला लागली. तोही ताटलीपाशी येऊन मान खाली घालून थांबायचा. ताटली ओटीवरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कधी आली ते मी पाहिलं नाही.

एप्रिलच्या उकाड्यात त्याच्या केसांनी त्रास द्यायला सुरुवात केली. ही जात थंड हवेची. आमच्याकडची दमट हवा, वाळू, खारं पाणी, आणि वर तो माडाच्या आळ्यात जाऊन बसायचा. काखेत आणि कानांमागे जटा झाल्या. मी खोबरेल तेल चोळून कंगव्याने जमेल तितक्या सोडवायचे, पण दुसऱ्या दिवशी नव्या तयार. जटांच्या खाली कातडी ओली राहते, लाल होते, मग त्यात काहीही होऊ शकतं. मशीनशिवाय इलाज नव्हता.

आमच्या वाडीत एक न्हावी राहतो. मालवण बाजारात त्याचं सलून आहे. तेही बंद. मी त्याच्या दगडी गडग्यापाशी उभी राहून मशीन मागितलं. कशाला म्हणून विचारल्यावर खरं ते सांगितलं. तो आतून जुनं मशीन घेऊन आला आणि म्हणाला, हे परत आणू नको, तुलाच ठेव, फक्त माझ्या गिऱ्हाइकांना कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी मी पडवीत कुत्र्याला स्टुलावर उभं करून केस काढत होते तेव्हा तो गडग्यापलीकडून बघत उभा होता. माणसाच्या केसांचं मशीन ते. कुत्र्याच्या दाट केसांत पाचेक मिनिटांत तापायचं. मग थांबायचं, पात्याला तेलाचा थेंब द्यायचा, पातं गार झालंय का ते आपल्या मनगटावर टेकवून बघायचं आणि परत सुरू. मध्येच वीज जायची. सकाळी धरलेलं काम दुपारी जेवणानंतर संपलं. कुत्रा अर्धा झाला. न्हाव्याने पलीकडून सांगितलं की मानेपाशी केसांच्या पायऱ्या राहिल्यात. खरंच राहिल्या होत्या.

गोळ्या संपत आल्या तेव्हा खरी अडचण सुरू झाली. त्या गोळ्या माणसांच्या फिट्सवरच्याच, पण चिठ्ठीशिवाय कुणी देत नाही. कुत्र्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी म्हापशाहून फोनवर चिठ्ठीचा फोटो पाठवला. मालवणच्या औषधवाल्याने तो नीट वाचला आणि म्हणाला की ही गोळी फोटोवर देता येत नाही, आणि शिवाय चिठ्ठी कुत्र्याच्या नावावर आहे. त्याचंही बरोबर होतं. त्याने मला गुरांच्या दवाखान्यात जायला सांगितलं.

वाडीतल्या एकीची स्कूटर घेतली आणि कुत्र्याला पायाशी उभं करून निघाले. बाजाराच्या तोंडावर पोलिसाने अडवलं. कुत्रं फिरवायची ही वेळ आहे का, म्हणाला. मी डॉक्टरकडे चाललेय म्हटलं. याला काय झालंय, चांगला तर दिसतोय, असं तो म्हणाला आणि ते ऐकून मला एकदम रडू आलं. आदल्या दिवसापासून मी म्हापशाच्या डॉक्टरांना फोनवर विचारून अर्धीच गोळी देत होते आणि झोप नीट झाली नव्हती. पोलीस गडबडला. त्याने बॅरिकेड स्वतः बाजूला केलं.

दवाखान्यातले डॉक्टर घाटावरचे, मधल्या वयाचे. तालुक्यातल्या गाई-म्हशी हे त्यांचं मुख्य काम. त्या दिवसांत त्यांचा कंपाउंडर येऊ शकत नव्हता, त्यामुळे ते एकटेच होते. दारातच त्यांनी मला उभं केलं, कुत्र्याला मात्र आत घेतलं. तपासून झाल्यावर त्यांनी म्हापशाच्या डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ बोलले आणि मग चिठ्ठी लिहून दिली. गोळ्या कुडाळहून औषधांच्या गाडीतून येतील, दोन दिवस लागतील, तोवर अर्धीच चालू ठेवा, म्हणाले. मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे केस कुणी कापले?"

मी म्हटलं, मी.

त्यांनी माझा नंबर घेतला. पुढच्याच आठवड्यात फोन आला. एका पॉमेरेनियनच्या कानामागे किडे पडले होते आणि केस काढल्याशिवाय जखम किती मोठी आहे ते कळत नव्हतं. ते एकट्याने कुत्रं धरणार, की केस काढणार, की जखम साफ करणार? मी न्हाव्याचं मशीन पिशवीत घालून गेले. त्यानंतर अशी पाच-सहा कामं झाली. मुंबईकरांची गावात अडकलेली कुत्री, बंद हॉटेलांची राखणीची कुत्री. पार्लरमध्ये मी केस कापायचे ते कुत्रं देखणं दिसावं म्हणून. मालकीण फोटो काढायची, गळ्यात रुमाल बांधायची. दवाखान्यात केस काढल्यावर खाली काय निघेल ते सांगता यायचं नाही. पहिल्यांदा किडे बघून मी बाहेर जाऊन पायरीवर बसले होते. मी परत आत गेले तेव्हा त्यांनी चिमटा बाजूला ठेवून कुत्र्याचं तोंड धरलं आणि मला म्हणाले, आता मागचा भाग काढा.

मे महिन्यात मुंबईहून माणसं यायला लागली. जिल्ह्याच्या हद्दीवर, खारेपाटणच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्याचं रोज कानावर यायचं. आमच्या वाडीतही दोन घरं आली. त्यांतल्या एकाची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि वाडी सील झाली. तोंडाशी रस्त्यावर आडवे बांबू बांधले. त्या बांबूंच्या आतल्या बाजूला एक बंद पडलेलं चहाचं दुकान होतं आणि त्याच्या बाहेर बाकडं. गावच्या कोरोना समितीची माणसं किराणा बांबूंपाशी ठेवून जायची, आम्ही जाऊन उचलायचो. आत कुणी येणार नाही, बाहेर कुणी जाणार नाही. गोळ्या पुरेशा होत्या, म्हणून मी निश्चिंत होते.

तो दिवस तसा साधाच होता. दुपारचं जेवण झालं होतं. आई कोकमं वाळत घालत होती आणि कुत्रा पडवीच्या लादीवर पोट टेकून पडला होता. फिट आली. मला त्याच्या फिट्स माहीत होत्या. डोकं मागे जातं, पाय ताठ होतात, तोंडातून फेस येतो, दोन मिनिटांत संपतं, मग तो उठून पाणी पितो. आईने पहिल्यांदाच पाहिली. मी तिला सांगितलं, घाबरू नको, तोंडात हात घालू नको, होईल बरा. तो बरा झाला, उठायला लागला आणि उठता उठता परत पडला. दुसरी फिट. ती संपते न संपते तोच तिसरी. मधे शुद्ध येतच नव्हती.

मी डॉक्टरांना फोन केला. ते एका गोठ्यात होते. वाडी सील आहे हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "मी निघतो. पण मला आत येता येणार नाही. आत आलो तर मलाच चौदा दिवस बसवतील, आणि मग तालुक्यातली गुरं कोण बघणार? तुम्ही त्याला बांबूंपाशी आणा. आणि पुढचा पाय कोपराच्या खाली पूर्ण भादरून ठेवा. मी आल्याबरोबर मला शीर दिसायला हवी."

वीज नव्हती. आईच्या शिवणाच्या कात्रीने मी झटके खाणाऱ्या पायावरचे केस कापले. जितके जमले तितके. उरलेले वडिलांच्या जुन्या वस्तऱ्याने काढले. आईने पाय धरला होता. मग आम्ही त्याला गोधडीवर घेतलं, दोन टोकं तिने धरली, दोन मी, आणि झोळी करून रस्त्याने निघालो. लोक घराघरांतून बाहेर आले होते. कुणीतरी म्हणालं की कुत्र्याला कोरोना झाला. आईने चालता चालताच मोठ्याने सांगितलं, "कोरोना नाय, फिटी येतत तेका. घरात जावा."

डॉक्टर बांबूंच्या पलीकडे पोहोचले होते. समितीची दोन माणसंही होती. त्यांनी डॉक्टरांना अडवलं नाही आणि आम्हालाही. डॉक्टरांनी बाकडं बांबूंना चिकटवून ठेवायला सांगितलं. कुत्र्याला त्यावर निजवायचं, पाय बांबूंतून त्यांच्याकडे, आणि धरणाऱ्याने तोंड दुसरीकडे फिरवून उभं राहायचं. मी डोक्याकडून धरलं, आईने मागचे पाय. मास्क म्हणून आईने पदरच तोंडाला गुंडाळला होता. मला डॉक्टर दिसत नव्हते. मला दिसत होती ती आई, आणि ती रस्त्याच्या कडेच्या करवंदीच्या जाळीकडे एकटक बघत होती.

"धरा नीट," मागून आवाज आला. "शीर मिळाली."

काही वेळ तसाच गेला. मग माझ्या हातांखाली त्याचं अंग हळूहळू सैल पडलं. मला वाटलं, संपलं. आईलाही तेच वाटलं असावं, कारण तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "झोपलाय. श्वास बघा." पोट वरखाली होत होतं. त्यांनी बाकड्यावर दोन भरलेली इंजेक्शनं ठेवली, कधी आणि कशी द्यायची ते सांगितलं, आणि मग म्हणाले की एवढं झाल्यावर काही कुत्री उठतात, काही उठत नाहीत. उद्या सकाळपर्यंत थांबायचं.

संध्याकाळी सरांचा फोन नेहमीच्या वेळेला आला. मी सगळं सांगितलं. तो झोपलेला आहे, शुद्धीवर नाही, हेही सांगितलं. सर म्हणाले, "बाय, तो गेलो जाल्यार ताका माती दी. खंयूय उडयनाका."

पुरेन, कुठेही टाकणार नाही, असं मी म्हटलं. आईने माझ्या हातातून फोन घेतला. ती आजवर त्यांच्याशी स्वतः कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "आमच्या माडाखाली जागा आसा. पण तो जावचो नाय. तुमी जेवा आणि निजा."

त्या रात्री तो पडवीत नव्हताच. माजघरात, आईच्या अंथरुणाशेजारी होता. सकाळी मी उठले तेव्हा तो उभा होता. उभा होता आणि भिंतीला नाक लावून तसाच थांबला होता. वळला तर खुर्चीला धडकला. मी त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला, पापणी हलली नाही. आई दारातून बघत होती. म्हणाली, "तेका दिसणा नाय गो."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की असं होतं, बहुतेकदा परत दिसायला लागतं. त्या दिवशी आई दिवसभर बोलत होती. एरवी ती कामाच्या वेळी गप्प असते. पण ती बोलली की तो आवाजाच्या मागे चालायचा. ती विहिरीवर गेली तर काय काय करतेय ते मोठ्याने सांगत गेली. चुलीपाशी बसली तर तांदळाबद्दल बोलली. तो तिच्या मागे मागे, डोकं खाली घालून, दारं-खांब चुकवत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मोरीची तुकडी हातात धरली तर त्याने ती आवाजाशिवाय, नीट बघून उचलली. आईने मला हाक मारून परत एकदा तसं करून दाखवलं.

पावसाळा त्याने आमच्याकडेच काढला. कान ओले राहू नयेत म्हणून मी रोज चुलीजवळ बसवून ते सुकवायचे. वाडी केव्हाच मोकळी झाली होती, पण गोव्याची हद्द उघडायला गणपती होऊन जावे लागले. उघडल्याचं कळल्यावर सरांनी घाई केली नाही. तुम्हाला सवड होईल तेव्हा आणा, म्हणाले. मला कळत होतं की ते आमच्याकडून ऐकायची वाट बघताहेत. मी आईला विचारलं. कुत्रा आपल्याकडे ठेवायचा आहे असं मी कधी बोलले नव्हते, पण मनात होतं. तिच्याही होतं, हे मला ठाऊक होतं.

"तेंका कोण आसा दुसरा?" आई म्हणाली. "घेवन जा."

जायच्या आदल्या दिवशी मी त्याचे केस कापले. या वेळी मानेपाशी पायऱ्या राहिल्या नाहीत. आई गाडीपर्यंत आली नाही. तिला खळं सारवायचं होतं.

सर दारात उभे होते. वॉकर धरून, फार बारीक झालेले. मी गाडीचं दार उघडलं. कुत्रा उतरला, अंगणात दोन पावलं गेला आणि मग वळून गाडीकडे परत आला. माझ्या पायाला टेकून उभा राहिला. सरांनी हाक मारली नाही. ते वॉकर टेकत टेकत पायरीवर आले आणि तिथेच, मोठ्या कष्टाने, खाली बसले. मग त्याच्याशी बोलायला लागले, फोनवर बोलत तसंच. जेवणाचं, शेजारणीचं. कुत्र्याने मान तिरकी केली. तो हळूहळू गेला, त्यांच्या मागे जाऊन वास घेतला, दोन्ही बाजूंनी फिरून आला, आणि मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हल्यासारखा आवाज करायला लागला. तो आवाज मी त्याच्या तोंडून सहा महिन्यांत ऐकला नव्हता.

घरात त्यांनी तयारी करून ठेवली होती. पायऱ्यांना लाकडी फाटक, गोळ्यांचा साठा, नवी चादर. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला. तेव्हा कुणी कुणाचा हात धरत नव्हतं. "तुज्या आवयक सांग," ते म्हणाले, "देव बरें करूं."

सरांचे हे आभार मी आईला सांगितले. ती बरं म्हणाली आणि कुत्र्याने गाडीतून उतरल्यावर काय केलं ते मला दोनदा सांगायला लावलं. तो आधी गाडीकडे परत वळला होता, हेही मी सांगितलं. ते ऐकून ती उठून आत गेली.

म्हापशाचं पार्लर परत उघडलं नाही. मालकिणीने माझी हत्यारं पाठवून दिली आणि मी मालवणात गुरांच्या दवाखान्यापासून थोड्या अंतरावर कामासाठी एक खोली भाड्याने घेतली. पहिलं वर्ष कठीण गेलं. दुसऱ्या लाटेत डॉक्टर स्वतः आजारी पडले, ओरोसच्या इस्पितळात होते, तेव्हा तालुक्यातल्या लोकांनी कुत्र्यांसाठी मला फोन केले. मी डॉक्टर नाही हे प्रत्येकाला सांगावं लागे. डॉक्टर बरे होऊन परत आले, पण बरेच दिवस जिना चढताना मधे थांबायचे.

सर आणि आई फोनवर बोलत राहिले. माझ्याशी नव्हे, परस्परच. दर तीनेक महिन्यांनी सर गाडी करून कुत्र्याला माझ्याकडे केस कापायला आणत; म्हापशात दुसरी पार्लरं उघडली होती तरी. त्याचं काम मी घरी पडवीतच करायचे आणि तेवढा वेळ सर आणि आई ओटीवर बसलेले असत. आई त्यांच्यासाठी सोलकढी करायची आणि ते मालवणी तिखट सोसत नाही म्हणत दुसऱ्यांदा भात घ्यायचे.

कुत्रा आणखी तीन वर्षं जगला. झोपेत गेला. फिट नाही, काही नाही. सरांनी फोन केला तो आईला. मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा तिने सांगितलं. सरांनी त्याला घरामागे, त्यांच्या पत्नीने लावलेल्या चिकूच्या झाडाजवळ पुरलं होतं. शेजारच्यांनी खड्डा खणून दिला होता. आईने हे सगळं मला ती विळीवर बसलेली असताना सांगितलं आणि मग म्हणाली की तू पण एकदा फोन कर त्यांना.

मी केला. काय बोलायचं ते ठरवून केला होता, पण ते बोलायची वेळ आली नाही. सर म्हणाले की त्यांच्या पायरीवर हल्ली एक मांजर येऊन बसतं, कुणाचं ते माहीत नाही, आणि त्याची नखं फार वाढलीत. तू मांजरांची नखं कापतेस का, म्हणून त्यांनी विचारलं. मी तोपर्यंत मांजराला कधी हात लावला नव्हता. येते म्हटलं.